रोग बरा होत नाही, म्हणून माणूस टाकायचा काय?

ज्या प्रश्नाविषयी आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत, तो आपल्या सभांतून कोणी काढीत नाही. नोकरीचा प्रश्न निघतो, शिष्यवृत्तीचा निघतो, घराच्या पात्रतेचा निघतो, जातीच्या दाखल्याचा निघतो. आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, मुलुंडच्या डोंगराकडील वस्तीत, अंधेरीच्या चाळीत किंवा बोरिवलीच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई कर्करोगाने महिनोन्महिने कण्हत पडलेली असते. तिच्या वेदनेचा प्रश्न मात्र कोठेच निघत नाही. ते त्या घराचे खाजगी दुर्दैव समजले जाते. शेजारी येतात, हळहळतात, चहा न घेता उठतात आणि उंबऱ्यावर उभे राहून एवढेच म्हणतात, 'आता काय, दिवस मोजायचे.'

आमचे म्हणणे असे आहे की, हे दिवस मोजण्याचे नाहीत. ते जगण्याचे आहेत, आणि ते वेदनेवाचून जगता यावेत हा त्या माणसाचा हक्क आहे.

एक घर डोळ्यांपुढे आणा. ते तुमच्याच वस्तीतील आहे. घरातील कर्त्या पुरुषाच्या तोंडात गाठ आली. प्रथम दुर्लक्ष झाले, मग जवळच्या दवाखान्यातील गोळ्या झाल्या, मग राजावाडीत किंवा कूपरमध्ये रांग झाली, आणि अखेर परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागली. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी तेथे येतात. पहाटेची धीमी गाडी, हातात कागदांची जाड पिशवी, शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधांच्या सलाइनी, आणि वर्षभराने डॉक्टरांचे शब्द: 'रोग पसरला आहे. आता यापुढे हे उपचार उपयोगी पडणार नाहीत. घरी न्या.' घरची मंडळी घरी नेतात. पुढे काय करायचे हे त्यांना कळत नाही. अशा वेळी त्यांच्यापुढे तीन वाटा येऊन उभ्या राहतात. आणि तिन्ही वाटा नाशाच्या आहेत.

पहिली वाट बुवाची. कोणी तरी सांगते की, अमक्या गावी एक जाणता आहे, तो मुळी देतो, अंगारा देतो, गाठ विरघळते. ज्यांनी धम्मदीक्षा घेऊन देव-देवस्की, नवस आणि भगत यांच्याकडे पाठ फिरविली, त्यांच्याही घरात मृत्यूचे भय शिरले म्हणजे हा भगत मागल्या दाराने शिरतो. त्याला दोष देण्यापूर्वी हे समजून घ्या की, जेथे डॉक्टर 'आता काही नाही' म्हणून थांबतो, तेथे बुवा 'माझ्यापाशी आहे' म्हणून सुरू करतो. रिकामी जागा कोणी तरी भरतोच. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. परंतु कायदा बुवाला शिक्षा करील, वेदना कमी करणार नाही.

दुसरी वाट खाजगी अतिदक्षता विभागाची. रोग्याला धाप लागली, घरचे घाबरले, रिक्षात घालून जे पहिले रुग्णालय उघडे दिसले तेथे नेले. तेथे नळ्या लागतात, यंत्र लागते, भेटीची वेळ ठरते आणि बिलाचा आकडा रोज वाढतो. बायकोचे डोरले जाते, मुलाच्या नोकरीवर कर्ज चढते, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला जातो. आणि ज्याच्यासाठी हे सर्व केले तो माणूस काचेच्या पलीकडे, हात बांधलेल्या स्थितीत, आपल्या लेकरांशी एक शब्दही न बोलता मरतो. ज्याचा रोग बरा होण्याची आशा आहे त्याच्यासाठी अतिदक्षता विभाग वरदान होय, हे आम्हांस मान्य आहे. ज्याचा मूळ रोगच परतवता येत नाही, त्याच्यासाठी तो पुष्कळदा मरण लांबविण्याचे साधन होतो. हा भेद कोणी तुम्हांस शांतपणे बसवून समजावून सांगितला आहे काय?

तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत क्रूर. काहीच करायचे नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात गोधडी टाकायची, मध्ये साडीचा पडदा लावायचा, आणि रात्रभर कण्हणे ऐकत पडायचे. हा निर्दयपणा नाही, हे अज्ञान आहे. परंतु रोग्याच्या वाट्याला दोहोंतून येणारे दुःख सारखेच असते.

या तीन वाटांखेरीज एक चौथी वाट आहे. ती नवी नाही, परंतु आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेली नाही. तिला हॉस्पिस सेवा किंवा पॅलिएटिव्ह सेवा म्हणतात. मराठीत परिहार सेवा असाही शब्द वापरतात. तिचे तत्त्व एका वाक्यात सांगता येईल: रोग बरा करता येत नसला तरी रोग्याचे दुःख हलके करता येते, आणि ते करणे हे वैद्यकाचे दुय्यम नव्हे तर मुख्य काम आहे.

या कल्पनेचा इतिहास आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाची एक बाई होती. ती प्रथम परिचारिका झाली, मग रुग्णालयातील समाजसेविका झाली. त्या काळात तिची गाठ डेव्हिड तास्मा या पोलंडमधून आलेल्या ज्यू निर्वासिताशी पडली. तो उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारा, कर्करोगाने मरणाच्या दारी पोहोचलेला, ज्याला आपले म्हणावे असे जवळ कोणी नाही, असा माणूस होता. १९४८ साली तो वारला. जाताना त्याने तिच्या भावी कामासाठी ५०० पौंड ठेवले. मरणाऱ्यांची वेदना डॉक्टरांनाच दूर करता येईल, हे ओळखून ती पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाली, आणि १९६७ साली लंडनच्या दक्षिण भागात सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. तिचा मोठा विचार असा की, मरणाऱ्याची वेदना केवळ हाडामांसाची नसते. पोरांचे काय होईल ही चिंता, आपण ओझे झालो ही शरम, जगण्याचा अर्थ काय होता हा प्रश्न, ही सर्व मिळून एक वेदना होते. आणि ती सर्व मिळूनच हलकी करावी लागते. देशोधडीला लागलेल्या एका गरीब माणसाच्या ठेवीपासून ही चळवळ निघाली, हे विसरू नका.

हिंदुस्थानातील पहिले हॉस्पिस आपल्या याच मुंबईच्या उपनगरात निघाले. वांद्र्याच्या माउंट मेरी टेकडीवर, समुद्राच्या बाजूला, डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नाने १९८६ साली शांती आवेदना सदन स्थापन झाले. ज्यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला आहे अशा रोग्यांना तेथे ठेवून घेतात. वेदना शमवितात, जखमा धुतात, अंग पुसतात, भरवितात, बोलतात. पैसे घेत नाहीत. जात विचारीत नाहीत, धर्म विचारीत नाहीत. पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून कर्करोग्यांसाठी असेच काम करते. टाटा रुग्णालयात परिहार सेवेचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यांचे पथक मुंबईत रोग्यांच्या घरीही जाते. पालकेअर या संस्थेची माणसेही मुंबईत घरोघर जाऊन विनामूल्य ही सेवा देतात. बोरिवलीहून वांद्रे किती दूर? मुलुंडहून परळ किती दूर? गाडीने तासाभराची वाट. परंतु माहितीच्या अभावी ती वाट आपल्याला जन्मभराएवढी लांब झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, जगात ज्यांना या सेवेची गरज आहे त्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. त्या १४ टक्क्यांत आपल्या वस्त्यांतील माणसे किती असतील, याचा विचार तुम्हीच करा.

आता वेदनेच्या औषधाविषयी. कर्करोगाच्या वेदनेवर जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली पायऱ्यांची एक रीत घालून दिली. पहिली पायरी साध्या गोळ्यांची. त्यांनी न भागल्यास दुसरी, सौम्य अफूजन्य औषधांची. त्यानेही न भागल्यास तिसरी, मॉर्फीनची. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळ लावून द्यावे, वेदना उठल्यावर नव्हे तर ती उठण्यापूर्वी द्यावे, हे तिचे मर्म. मॉर्फीनची साधी गोळी सामान्यतः दर चार तासांनी देतात. तिने मलावरोध होतो, म्हणून सोबत रेचक देतात. आरंभी थोडी गुंगी व मळमळ होते. ती पुष्कळदा काही दिवसांत ओसरते. ही गोळी महाग नाही.

मग ती आपल्या माणसाला मिळत का नाही? याचे उत्तर लाजिरवाणे आहे. मॉर्फीन अफूपासून निघते, आणि औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच व गाझीपूर येथे सरकारचेच कारखाने आहेत. माल परदेशीही जातो. आणि ज्या देशाच्या मातीत हे औषध उगवते, त्याच देशाचा गरीब माणूस त्यावाचून ओरडत मरतो! १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की, पुष्कळ रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. चोराला धरण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात रोगी सापडला. २०१४ साली संसदेने हा कायदा दुरुस्त केला, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक परवान्यांच्या कटकटीवाचून ही औषधे ठेवता येतील अशी तजवीज केली. दार उघडले आहे; आत शिरण्यासाठी मागणाऱ्यांची गर्दी पाहिजे. न मागता आपल्याला पाण्याचा घोटही मिळाला नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, 'मॉर्फीन म्हणजे व्यसन.' हा गैरसमज आहे. ज्याला वेदना आहे त्याला वैद्याच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिलेले औषध सहसा व्यसन लावीत नाही. वेदना कमी झाल्यास डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवितात. आपण मद्य व अमली पदार्थांपासून दूर राहण्याचे शील घेतले आहे, ते प्रमाद टाळण्यासाठी. वेदनेने पिळवटलेल्या माणसाचे मन ठिकाणावर आणणारे औषध हा प्रमाद नव्हे, उपचार होय.

कोणी म्हणेल, 'हॉस्पिस म्हणजे मरणाचे घर. तेथे पाठविले म्हणजे आम्ही माणूस टाकला असे होईल.' उलट आहे. साडीच्या पडद्याआड वेदनेसह ठेवणे म्हणजे टाकणे. जेथे वेदना शमते तेथे नेणे म्हणजे धरणे. शिवाय हॉस्पिस ही केवळ इमारत नव्हे. वेदना आटोक्यात आणून, औषधे बसवून, घरच्यांना शिकवून रोग्याला पुन्हा घरी पाठविणे हाही तिच्या कामाचा भाग आहे. ही सेवा केवळ कर्करोगासाठीही नाही. निकामी झालेले मूत्रपिंड, फुप्फुसाचा जुना विकार, थकलेले हृदय, पक्षाघात, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश, या सर्वांत तिचा उपयोग आहे. आणि ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. गंभीर रोगाचे निदान झाल्यापासून, मूळ उपचारांच्या जोडीनेच, ती सुरू व्हावी हे उत्तम.

'त्याला सांगू नका' हे आपल्या घराघरांतील दुसरे पाप. प्रेमापोटी होते, परंतु पापच. रोग्याला सोडून सर्वांना ठाऊक असते. डॉक्टर मुलाशी बोलतो, मुलगा मामाशी बोलतो, आणि ज्याचे शरीर आहे तो छताकडे पाहत पडतो. त्याला कळत नाही असे तुम्हांस वाटते काय? आपल्या देहाचा निरोप माणसाला सर्वांआधी पोहोचतो. परंतु घरचे नाटक मोडू नये म्हणून तोही नाटक करतो. आणि दोन्ही बाजूंनी बोलायचे ते राहून जाते. दुःख आहे, हे पहिले सत्य ज्या धम्माने उघड सांगितले, त्या धम्माच्या घरात सत्य लपवून ठेवावे हे शोभत नाही. एकदम आघात करावा असे आम्ही म्हणत नाही. जवळ बसावे, हात हातात घ्यावा, विचारावे, 'तुम्हांला तुमच्या आजाराविषयी काय वाटते? आणखी जाणून घ्यायचे आहे का?' तो जेवढे विचारील तेवढे खरे सांगावे. मग तो भविष्य निर्वाह निधीचे कागद कोठे आहेत ते सांगेल, खोली कोणाच्या नावावर करावी ते सांगेल, रुसलेल्या भावाला बोलवा म्हणेल. लहान मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल असे सांगावे. त्यांना दूर नातेवाइकांकडे पाठवून देऊ नये. पुढे ती सल त्यांच्या मनात राहते.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद २१ ने जीविताचा हक्क दिला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या खटल्यात असा निर्णय दिला की, सन्मानाने मरण्याचा हक्क हा सन्मानाने जगण्याच्या हक्कातच येतो. बरे होण्याची आशा उरली नसता आपल्याला यंत्रावर ठेवू नये, असे माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो. त्या लेखाची पद्धत प्रथम फार अवघड होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येते. प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी डॉक्टरांची दोन मंडळे विचार करतात. येथे एक गोष्ट स्पष्ट असू द्या: विष टोचून जीव घेण्याची मुभा यात नाही. निष्फळ उपचार नाकारण्याचा हक्क यात आहे. आणि गरिबाच्या बाबतीत आम्ही आणखी एक अट घालतो. उपचार परवडत नाहीत म्हणून बरा होणारा रोगी सोडून देणे, याला सन्मानाने मरणे म्हणत नाहीत. त्याला अन्याय म्हणतात. दोन्ही हक्क सोबत मागितले पाहिजेत: बरा होणाऱ्यास उपचाराचा, न होणाऱ्यास वेदनाशमनाचा.

या खटल्याआधीचा एक प्रसंग मुंबईला ठाऊक आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या अमानुष हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना आपले माणूस म्हणून सांभाळले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मनापासून प्रशंसा केली. शुश्रूषा काय करू शकते याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि शुश्रूषा हा शब्द आला म्हणजे आपल्याला विनयपिटकाकडे जावेच लागते. महावग्गात कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत आनंदासह विहारात फिरत असता तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. नंतर संघाला एकत्र करून त्यांनी बजावले की, येथे तुमची सेवा करावयास आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. आणि रोग्याची सेवा म्हणजे आपलीच सेवा समजावी. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या प्रसंगाला मुद्दाम स्थान दिले आहे. याच महावग्गात चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस न करणे, आणि धम्माच्या बोलण्याने रोग्याला धीर देणे. आजच्या परिहार सेवेच्या शिक्षणात याहून वेगळे काय असते?

या कथेत आणखी एक गोष्ट पाहा. अंग धुणारे दोघेही पुरुष होते. आपल्या घरांत काय होते? सासऱ्याचे अंग सून पुसते, रात्री पत्नी जागते, आणि थोरल्या मुलीची शाळा सुटते. मुलगा औषधे आणतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची घाण उचलण्याचे काम जन्माने आपल्यावर लादले गेले, म्हणून या कामाची चीड येणे आम्ही समजू शकतो. परंतु लादलेली चाकरी वेगळी आणि आपल्या माणसाची स्वतः होऊन केलेली सेवा वेगळी. ती सेवा घरातील पुरुषांनी वाटून घेतली पाहिजे. बापाच्या आजारात मुलीची दहावी बुडाली, तर आपण एक माणूस गमावून दुसरे माणूस मागे लोटले असे होईल.

घरात करावयाच्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत. हलता न येणाऱ्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. चादर कोरडी व सुरकुतीविना ठेवा. हवेची गादी मिळाल्यास वापरा. पाठ, माकडहाड, टाचा रोज पाहा, कारण शय्याव्रण तेथेच पडतात. तोंड कोरडे पडते, म्हणून स्वच्छ ओल्या कापसाने ओठ व जीभ वरचेवर पुसा. जखमेला दुर्गंधी येत असेल तर रोग्याजवळ बसणे सोडू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे. धाप लागल्यास उशा लावून बसते करा, खिडकी उघडा, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या. शेवटच्या दिवसांत भूक जाते. 'खात नाही म्हणून मरतो' असे नसते. शरीर मिटत चालले म्हणून खाणे थांबते. बळेच चमच्याने भरवू नका. गिळण्याची शक्ती गेलेल्याच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. हातपाय गार पडतात, श्वास अडखळतो, घशात घरघर होते. ते पाहणाऱ्यास भयंकर वाटते, पण रोग्याला त्याचा तेवढा त्रास होत नसतो. बोलत राहा, ऐकू येत असण्याचा संभव शेवटपर्यंत असतो. आणि ओळखीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, कारण घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचा त्यांचा दाखला लागतो. तो नसल्यास दुःखाच्या घरात धावपळ होते.

परंतु एकट्या घराने हे सर्व झेपणार नाही. येथे समाजाचे काम सुरू होते. केरळात १९९३ साली कोझिकोडे येथे काही डॉक्टरांनी वेदनाशमनाची संस्था काढली, डॉ. एम. आर. राजगोपाल हे त्यांतील एक. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत हे काम वस्तीवस्तीने हाती घेतले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांनी थोडे शिक्षण घेतले, थोडी थोडी वर्गणी जमविली आणि परिचारिकेबरोबर घरोघर जाऊ लागले. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरण जाहीर केले. राज्याने असे करण्याची देशातील ती पहिली वेळ. आधी लोक उभे राहिले, मग सरकार हलले. हा क्रम आपल्याला नवा नाही.

मग आपल्या विहारांनी काय करावे? मेल्यानंतरच्या जेवणावळीवर आपण जो खर्च करतो, त्याचा चौथा हिस्सा जिवंतपणीच्या शुश्रूषेसाठी काढून ठेवावा. त्यातून प्रत्येक विहारात एक मागेपुढे उचलता येणारी खाट, एक हवेची गादी, एक चाकाची खुर्ची व शौचपात्र ठेवावे. एका घराची गरज संपली की वस्तू धुऊन दुसऱ्या घरी जावी. दहा तरुण-तरुणींनी जाणकार संस्थांकडून शुश्रूषेचे शिक्षण घ्यावे. रोग्याच्या घरी पाळीपाळीने दोन दोन तास बसावे, म्हणजे रात्रभर जागलेल्या बाईला झोप मिळेल. पौर्णिमेच्या वंदनेनंतर वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण आहे, हे विचारण्याचा प्रघात पाडावा.

आणि मागणीही केली पाहिजे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे अनुच्छेद ४७ सांगतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परिहार सेवा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग म्हणून घेतली आहे. तेव्हा घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे बाबासाहेबांचे नाव धारण करणारे रुग्णालय आणि आपल्या प्रभागातील पालिकेचा दवाखाना, येथे जाऊन विचारा: परिहार सेवेचा दिवस कोणता? मॉर्फीन मिळते काय? घरी येणारी परिचारिका आहे काय? असेल तर लाभ घ्या व शेजाऱ्यास सांगा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नगरसेवकास भेटा. मते मागावयास येणाऱ्यास पाणी व गटार यांबरोबर हाही प्रश्न विचारा.

बंधुभगिनींनो, जगताना माणुसकी मिळावी म्हणून आपल्या वाडवडिलांनी चवदार तळ्यावर मार खाल्ला. मरतानाही ती मिळाली पाहिजे. पडद्याआड कण्हणाऱ्या त्या माणसाजवळ आज रात्री जा. तो आपल्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे न पाहणारे भिक्खू आपण व्हायचे, की पाण्याचे भांडे उचलणाऱ्या तथागतांच्या मागे जायचे, हे ठरविण्यास उद्याची वाट पाहण्याइतका वेळ त्याच्यापाशी नाही.